विश्लेषण : पाऊस परतला, पण अंगण तयार आहे का? शरदातल्या कामांचा क्रम का महत्त्वाचा?

नवरात्रात भोंडला, आश्विन पौर्णिमेला कोजागरी, दिवाळीत मुलांचा किल्ला आणि कार्तिकात तुळशीचे लग्न. मराठी घरांत उघड्यावर बसण्या-उठण्याचा हंगाम खऱ्या अर्थाने सुरू होतो तो शरद ऋतूत. त्याआधीचे चार महिने मात्र अंगण, परसदार आणि गच्ची यांचा ताबा शेवाळ, गवत आणि ताडपत्री यांच्याकडे असतो. सण तोंडावर आला की एखाद्या रविवारी सगळे एकदम उरकले जाते. फरशी धुतली जाते, भिंतीला रंगाचा हात दिला जातो, दिव्यांच्या माळा लागतात.

हीच घाई पुढे नडते. कुंडीखालच्या ताटलीत डास वाढत राहतात, धुतलेल्या फरशीवर कोणाचा तरी पाय घसरतो, ओल्या भिंतीवरचा रंग महिन्याभरात पोपडे धरतो आणि मागच्या वर्षीची दिव्यांची माळ ओल्या रेलिंगला धक्का देते. पावसाळ्यानंतर अंगण तयार करताना काय करायचे, हे बहुतेकांना माहीत असते. चूक होते ती क्रमात. आधी पाणी, मग अडगळ, मग जमीन, मग वीज, त्यानंतर झाडे आणि सगळ्यात शेवटी सावली व सजावट, असा हा क्रम आहे. तो असाच का, हे समजून घेऊ.

पाऊस ‘गेला’ हे कसे ठरते?

भारतीय हवामान विभागाच्या सुधारित वेळापत्रकानुसार नैऋत्य मोसमी पाऊस वायव्य राजस्थानातून साधारण १७ सप्टेंबरला माघारी निघतो. मुंबईतून परतण्याची त्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर, तर संपूर्ण देशातून परतण्याची १५ ऑक्टोबर आहे. माघारीची पहिली घोषणा करताना सलग पाच दिवस पाऊस नसणे, हवेतील बाष्प घटणे आणि वातावरणाच्या खालच्या थरात प्रतिचक्रवात तयार होणे असे निकष पाहिले जातात. एक दिवस लख्ख ऊन पडले म्हणजे पाऊस गेला, असे होत नाही.

सणांच्या तारखा मात्र चांद्र पंचांगाने ठरतात. कोजागरी २०२३ मध्ये २८ ऑक्टोबरला होती, २०२४ मध्ये १६ ऑक्टोबरला आणि २०२५ मध्ये ६ ऑक्टोबरला. म्हणजे एखाद्या वर्षी जमीन वाळायला पुरेसा वेळ मिळतो, तर एखाद्या वर्षी पौर्णिमा पावसाच्या परतीआधीच येते. हस्त नक्षत्राचा पाऊस साधारण २७ सप्टेंबरपासून पुढचे दोन आठवडे असतो. दुपारनंतर ढग जमून विजांसह कोसळणाऱ्या या सरी ऐन तयारीत पाणी फिरवतात. त्यामुळे कामे तारीख पाहून नव्हे, तर ओल पाहून ठरवावीत.

दिलासा एकच. पाऊस परतल्यावर आकाश निरभ्र होते, वारे मंदावतात आणि ‘ऑक्टोबर हीट’ सुरू होते. या उन्हाच्या नावाने सगळेच बोटे मोडतात, पण अंगण आणि गच्ची वाळवण्याचे मोठे काम तेच फुकटात करून देते. त्याला आठ-दहा दिवस दिले, तर निम्मी कामे सोपी होतात.

पहिले काम साचलेल्या पाण्याचेच का?

कारण यात उशिराची किंमत आजारपणाने मोजावी लागते. डेंग्यू आणि चिकुनगुनिया पसरवणारा एडीस इजिप्ती डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून पूर्ण डास व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात. तो चावतो दिवसा, विशेषतः सकाळी आणि मावळतीच्या आधी. म्हणजे नेमक्या अंगणात बसायच्या वेळी. हा डास फार लांब उडत नाही, साधारण काहीशे मीटरच्या आतच राहतो. त्यामुळे घरात डास असतील, तर त्यांचे मूळ बहुधा आपल्याच किंवा शेजारच्या आवारात सापडते.

आवाराची एक फेरी मारून पुढील जागा तपासाव्यात :

• कुंड्यांखालच्या ताटल्या, रिकाम्या कुंड्या, जुने टायर, नारळाच्या करवंट्या
• दुमडून ठेवलेल्या ताडपत्रीच्या घड्या, प्लास्टिकच्या खुर्च्यांचे खोलगट भाग
• पत्र्याच्या किंवा कौलांच्या कडेची पन्हळ आणि पानांनी तुंबलेली गच्चीची जाळी
• कुंपणाच्या बांबूंची पोकळ टोके, पोफळीच्या गळून पडलेल्या विऱ्या
• पाण्याच्या टाकीचे न बसणारे झाकण, पक्ष्यांसाठी ठेवलेले भांडे

नुसते पाणी ओतून देणे पुरेसे नाही. या डासाची मादी पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या बाजूला अंडी चिकटवते. ही अंडी कोरड्या भांड्यातही कित्येक महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी आले की फुटतात. म्हणून भांडे आतून घासून, उन्हात वाळवून मग पालथे ठेवावे. आरोग्य विभाग आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतो, त्यामागे हाच आठ-दहा दिवसांचा हिशेब आहे. हौदासारखी जी साठवण रिकामी करता येत नाही, तिथे गप्पी मासे सोडण्याचा जुना उपाय आजही उपयोगी आहे.

अडगळ काढताना कशापासून जपायचे?

पाणी काढल्यावर वळायचे ते गवत, लाकडाचे ढीग, रचून ठेवलेले चिरे आणि जुनी कौले यांच्याकडे. चार महिने न हललेला ढीग म्हणजे उंदीर, बेडूक आणि त्यांच्या मागोमाग येणाऱ्या सापांना तयार आसरा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही प्रमुख विषारी साप महाराष्ट्रात आढळतात. त्यांपैकी फुरसे कोकणात, विशेषतः जांभ्या दगडाच्या सड्यांवर, मोठ्या संख्येने दिसते. आकाराने लहान आणि मातीच्या रंगाचे असल्याने ते पटकन लक्षात येत नाही. दगडांच्या फटीत राहणाऱ्या लाल विंचवाचा दंश लहान मुलांच्या जिवावर बेतू शकतो. या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरून मृत्यू रोखण्याचे काम महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी केले. त्या कामाची दखल जगभर घेतली गेली.

त्यामुळे ढीग उपसताना हात घालण्याआधी काठीने हलवावे. जाड हातमोजे आणि गुडघ्यापर्यंतचे गमबूट वापरावेत. काम दिवसाउजेडी करावे. आवारात उंदीर असतील, तर ओल्या चिखलात त्यांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जिवाणू असू शकतात. पायाला जखम असताना अनवाणी चिखलात उतरू नये, ते यासाठीच. फिनेल किंवा कार्बोलिक ॲसिड शिंपडले की साप येत नाहीत, या समजावर विसंबू नये. गवत कापलेले, अडगळ उचललेली आणि धान्य बंद डब्यात असेल, तर सापाला तिथे येण्याचे कारण उरत नाही.

साप दिसलाच तर त्याच्यावर नजर ठेवून अंतर राखावे. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा जवळच्या सर्पमित्राला कळवावे. दंश झाल्यास जखम कापणे, चोखणे किंवा वर घट्ट दोरी बांधणे यांपैकी काहीही करू नये. दंशाचा भाग न हलवता १०८ची रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने प्रतिसर्पविष उपलब्ध असलेले रुग्णालय गाठावे.

शेवाळ घासूनही पुन्हा का येते?

शेवाळाला ओल आणि सावली लागते. फरशीवर पाणी जिथे रेंगाळते, तिथे ते पुन्हा पुन्हा धरते. म्हणून घासण्याआधी एक सोपी तपासणी करावी. बादलीभर पाणी फरशीवर ओतावे आणि अर्ध्या तासाने पाहावे. पाणी ज्या खळग्यात उरले असेल, तिथे खडूने खूण करावी. उघड्या फरशीला साधारण १०० फुटांना १ फूट, म्हणजे १० फुटांना सव्वा इंचाच्या आसपास उतार हवा. तो नसेल, तर दरवर्षी घासण्यापेक्षा तेवढा भाग गवंड्याकडून नीट करून घेणे स्वस्त पडते.

शेवाळ आधी कोरडेच खरवडावे, मग कडक ब्रशने घासावे. हट्टी डागांवर पाकिटावरच्या सूचनेप्रमाणे ब्लीचिंग पावडरचे पाणी वापरता येते. मात्र इथे दोन चुका वारंवार होतात. पहिली, ब्लीचिंगसोबत ॲसिड किंवा संडास साफ करायचे द्रावण वापरणे. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो आणि तो फुप्फुसांना इजा करतो. दुसरी, शहाबादी किंवा कोटा फरशीवर ॲसिड ओतणे. या दोन्ही फरशा चुनखडकाच्या आहेत. ॲसिडने शेवाळाबरोबर दगडाचा पृष्ठभागही झिजतो, फरशी खडबडीत होते आणि पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यांत शेवाळ अधिक घट्ट बसते.

भिंत, गच्ची वाळली हे कसे ओळखायचे?

वरून कोरडी दिसणारी भिंत आतून ओली असू शकते. त्यासाठी एक साधी चाचणी आहे. दीड फूट लांब-रुंद पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर किंवा गच्चीवर पक्का चिकटवावा आणि रात्रभर, किमान १६ तास, तसाच ठेवावा. सकाळी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले किंवा खालचा भाग गडद झाला असेल, तर ओल अजून बाहेर पडते आहे. अशा वेळी रंग किंवा वॉटरप्रूफिंगचा थर दिला, तर ओल आत कोंडते, वाफेचा दाब वाढतो आणि थर फुगून सुटतो. भेगा मात्र याच काळात शोधाव्यात. पावसाळ्यात छताच्या आतून जिथे डाग पडले, त्या जागा अजून स्पष्ट दिसत असतात. त्यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवले, तर कारागिराला नेमकी जागा दाखवता येते.

मातीच्या अंगणाचे गणित काय?

कोकणात घरापुढच्या अंगणाला खळे म्हणतात. पाऊस सरला की ते दरवर्षी नव्याने करावे लागते. गवत खरवडून काढायचे, लाल माती किंवा मुरूम पसरून सपाटी करायची, पाणी शिंपडून लाकडी चोपणीने चोपायचे आणि मग शेणाने सारवायचे. भाताची मळणी, वाळवणे, तुळशीचे लग्न आणि पुढे उन्हाळ्यातले कोकम, सांडगे असे सगळे याच जमिनीवर होते.

माती चोपायची वेळ साधणे हे यातले खरे कौशल्य. शेतकऱ्याच्या भाषेत तो वाफसा. माती चिखल नको आणि धूळही नको. मूठभर माती दाबावी. गोळा होऊन तो बोटाच्या टिचकीने फुटला, तर वेळ योग्य. हाताला चिकटली तर थांबावे, गोळाच झाला नाही तर पाणी शिंपडावे. स्थापत्य अभियांत्रिकीत हेच तत्त्व अमेरिकी अभियंता राल्फ प्रॉक्टर यांनी १९३३ मध्ये मोजून मांडले. मातीत ठरावीक प्रमाणात ओलावा असतानाच ती दाबली, तर सर्वाधिक घट्ट बसते. धरणे आणि रस्त्यांचे भराव आजही ‘प्रॉक्टर चाचणी’ने तपासले जातात. घाईने ओल्या मातीवर चोपणी चालवली, तर पाणी कणांच्या मध्ये अडकते आणि वाळल्यावर तडे जातात. ऑक्टोबरच्या उन्हात अंगण उलते ते बहुतेकदा याच कारणाने.

सारवणातील शेणाचे तंतू पातळ थराला धरून ठेवतात आणि तडे कमी करतात. थर पातळ असावा आणि एक वाळल्यावर दुसरा द्यावा. शेण आणि मातीत धनुर्वाताचे जिवाणू असू शकतात. हाताला जखम असेल तर हातमोजे घालावेत.

दरवर्षीच्या या मेहनतीला कंटाळून अनेक जण संपूर्ण अंगणात काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक घालतात. काम वाचते, पण घट्ट काँक्रीटमधून पाणी जमिनीत मुरत नाही. ते वाट काढत शेजाऱ्याकडे किंवा घराच्या पायाकडे जाते. असे काम करायचेच असेल, तर झाडांच्या बुंध्याभोवती आणि कुंपणालगत मातीचा पट्टा मोकळा ठेवावा आणि उतार घरापासून दूर काढावा.

दिव्यांच्या माळा लावण्याआधी काय तपासावे?

पावसाळ्यात बाहेरचे सॉकेट, स्विच आणि वायरींचे जोड यांच्यात ओल शिरलेली असते. घरातला एमसीबी जास्त भार आणि शॉर्टसर्किट यांपासून वायरिंग वाचवतो, पण माणसाला बसणारा धक्का तो रोखेलच असे नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. गळती होणारा प्रवाह तेवढा झाला की तो क्षणार्धात वीज तोडतो. त्यावर ‘टी’ किंवा ‘टेस्ट’ असे बटण असते. ते दाबल्यावर वीज गेली नाही, तर आरसीसीबी बदलण्याची वेळ आली, असे समजावे.

बाहेर लावायच्या दिव्यांवर ‘आयपी’ क्रमांक पाहावा. आयपी ४४ म्हणजे पाण्याच्या शिंतोड्यांपासून बचाव, आयपी ६५ म्हणजे धूळ आणि पाण्याच्या फवाऱ्यापासूनही. घरात वापरायची साधी माळ परतीच्या एका सरीत धोकादायक ठरते. वायर कपड्यांच्या लोखंडी तारेला किंवा रेलिंगला गुंडाळू नये, जोड उघडे ठेवू नयेत. सोलून पिना खोचलेल्या वायरी तर अंगणात नकोतच. विजा चमकत असताना गच्चीवरचा कार्यक्रम आवरता घ्यावा.

झाडांना आता नेमके काय हवे?

चार महिन्यांच्या पावसाने कुंडीतल्या मातीतील नत्र वाहून गेलेले असते आणि वरचा थर दबून घट्ट झालेला असतो. माती वाफशावर आली की वरचा दोन इंचांचा थर हलक्या हाताने मोकळा करावा, त्यात चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत मिसळावे. कुंडीच्या तळाचे छिद्र काडीने मोकळे करावे. गुलाबाची छाटणी पाऊस थांबल्यावर, ऑक्टोबरमध्ये केली जाते. छाटल्यावर येणाऱ्या नव्या फुटीला हिवाळ्यात फुले लागतात. मेथी, पालक, कोथिंबीर आणि मुळा पेरायलाही हा काळ योग्य आहे.

गळलेली पाने जाळू नयेत. त्यांचा ढीग एका कोपऱ्यात, हवा खेळेल अशा जाळीत किंवा पिंपात, थोडी माती आणि शेण घालत रचला, तर पुढच्या पावसाआधी खत तयार होते. हा ढीग भिंतीपासून आणि बसण्याच्या जागेपासून दूर असावा.

सावली शेवटी का?

कारण ती कुठे हवी, हे बाकीची जागा मोकळी झाल्यावरच कळते. मे महिन्याच्या मध्यावर मुंबईच्या अक्षांशावर दुपारचा सूर्य थेट डोक्यावर असतो. ऑक्टोबरच्या मध्यावर तो माथ्यापासून सुमारे २७ अंश दक्षिणेकडे कललेला असतो. याचा अर्थ १० फूट उंचीवर बांधलेल्या कापडाची सावली भर दुपारी त्याच्या खाली नव्हे, तर सुमारे ५ फूट उत्तरेकडे पडते. उन्हाळ्यात ज्या जागी शेडनेट पुरले, तिथेच आता ऊन येते ते यामुळे. मांडव किंवा कापड बसण्याच्या जागेच्या दक्षिणेकडे सरकवावे. संध्याकाळचे तिरपे ऊन अडवण्यासाठी पश्चिमेला चटई किंवा बांबूचा पडदा सोडावा.

कोकणात पोफळीच्या किंवा बांबूच्या खांबांवर नारळाची झापे टाकून मांडव घालतात आणि पावसाआधी तो उतरवतात. शहरात शेडनेट वापरताना वाऱ्याचा विचार करावा. गच्चीवर सैल बांधलेले कापड शिडासारखे फुगते आणि कठड्याचे हूक उपटते. झोपाळा असेल तर कड्या, साखळी आणि छतातील हूक यांवरचा गंज घासून पाहावा. झिजलेली कडी बदलल्याशिवाय मुलांना बसू देऊ नये. वेताच्या आणि लाकडी खुर्च्या दोन दिवस उन्हात ठेवून, बुरशी पुसून मगच पॉलिश करावे.

वेळच नसेल तर?

दिवाळीच्या दोन दिवस आधी गावच्या बंद घरी पोहोचणाऱ्यांना पंधरा दिवसांचे वेळापत्रक शक्य नसते. अशा वेळी तीन कामे सोडू नयेत : साचलेले पाणी काढणे, ये-जा करायच्या वाटेवरचे शेवाळ खरवडणे आणि बाहेरची वीज तपासल्याशिवाय सुरू न करणे. दगड-लाकडांच्या ढिगांना घाईत हात लावू नये, मुलांना त्यापासून लांब ठेवावे. रंग आणि वॉटरप्रूफिंग सरळ पुढे ढकलावे.

हाताशी वेळ असेल, तर पहिला आठवडा पाणी, अडगळ आणि ऊन यांचा. दुसरा आठवडा फरशी, माती आणि वीज यांचा. प्लास्टिकची चाचणी कोरडी निघाली की रंग, आणि शेवटी कुंड्या, मांडव, दिवे. तुळशी वृंदावनाच्या रंगकामाला घाई नाही. तुळशीचे लग्न कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत कधीही लागते. तोपर्यंत वृंदावनाची ओल उन्हाने ओढून घेतलेली असते आणि त्यावर दिलेला रंग वर्षभर टिकतो.